उखाकाकांची तासाभराची झोप

साठ फॉर्म वाटले होते, सत्तावन्न परत आले, आणि सत्तावन्नच्या सत्तावन्न खोटे होते. हर्षदाला ते पहिल्या दहा फॉर्मांतच कळलं. सात दिवसांच्या झोपेची नोंद रोज सकाळी उठल्याउठल्या लिहा, असं तिने प्रत्येकाला हात जोडून सांगितलं होतं. कार्ट्यांनी सातही दिवस कॅन्टीनमध्ये बसून एकाच पेनाने, एकाच दमात भरून टाकले होते. एकाच्या शुक्रवारच्या रकान्यावर तर खमणीचं तेल सांडलेलं. सोमवारपासून रविवारपर्यंत सगळे म्हणे साडेदहाला झोपतात आणि सहाला उठतात. हेच लोक पहाटे तीनला ग्रुपवर दात काढत बसलेले असतात. 'उठल्यावर काय वाटलं?' या प्रश्नापुढे निम्म्यांनी 'बोअर' लिहिलं होतं, बाकीच्यांनी 'ओके'. युनिव्हर्सिटीपर्यंत पोचलेल्या माणसाला आपल्या पोटात काय चाललंय ते सांगायला हे दोनच शब्द सापडावेत, याची तिला शिसारी आली.

हर्षदा मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. भावनांची जाणीव, फोन आणि झोप असा तिचा प्रोजेक्ट. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना माणसाला किती ओळखता येतात ते मोजायची एक प्रश्नावली असते, ती तिने आधी स्वतःच भरून पाहिली होती. शंभरात ब्याण्णव. वर्गात दुसऱ्या कोणाला सत्तरच्या वर मिळाले नव्हते. मॅडमनी तिला उभं करून सगळ्यांना दाखवलं, तेव्हापासून ती मैत्रिणींकडे जरा वरूनच बघायची. स्वतः पहाटे चारपर्यंत फोन बघायची, ती गोष्ट निराळी. आपण विषय म्हणून बघतो, हे लोक व्यसन म्हणून बघतात, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. माणूस स्वतःला किती सवलत देतो बघा.

घर डिंडोलीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील वाल्मिक पारोळ्याकडचे, वीस वर्षं सुरतेत संचे चालवणारे. संचा म्हणजे कापड विणायचं यंत्र, आणि असे शंभरेक संचे एका शेडमध्ये उभे केले की त्याला म्हणायचं खातं. आई अनुसया घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. त्या गोंदाचा वास हर्षदाला आवडत नसे. केसांत, उशीत, डब्यातल्या पोळीतसुद्धा तो आहे असं तिला वाटायचं, आणि कॉलेजला जाताना ती अंगावर दोन-दोन वेळा सेंट मारायची.

बुधवारी ती उठली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. "उठ व, दुपार व्हई गई," आई खडे वेचता वेचता म्हणाली, आणि मान वर न करता पुढे म्हणाली, "पप्पांचा डबा राहिला." सकाळी आई खाली पाणी भरायला गेली की डबा बांधून पप्पांच्या हातात द्यायचा, एवढं एकच काम हर्षदाकडे होतं. आज ती गाढ होती, पप्पांनी तिला हाक मारली नाही, आणि तसेच निघून गेले.

ती डबा घेऊन खात्यावर पोचली तेव्हा दीड वाजला होता. बाकीचे कारागीर मागच्या अंगणात जेवायला बसले होते. आत पाऊल टाकलं की कानठळ्या बसतात, शेजारच्याच्या तोंडाशी कान नेला तरी बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. धागा तुटला, ताण्याचा बीम संपला, शेठ आला, पाणी पाज, सगळ्याला खूण आहे. हर्षदा लहानपणी पप्पांकडून त्या खुणा शिकली होती. घरात आईपासून चोरून बोलायला दोघं त्या वापरायचे.

वाल्मिक दोन रांगांमधून पळत होता. एक ते दोन हा तास त्याच्याकडे चोवीस संचे असायचे, स्वतःचे बारा आणि उखाकाकांचे बारा. उखाकाका अठ्ठावन्न वर्षांचे, त्याच्याच तालुक्यातले, साखरेचा आजार, पाय सुजून भोपळे झालेले. बारा तास उभं राहायचं तर मधे तासभर पाठ टेकायलाच लागायची. तेवढा तास ते तयार कापडाच्या ताग्यांमागे आडवे व्हायचे आणि वाल्मिक त्यांचे संचे सांभाळायचा. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. सगळ्या कारागिरांना माहीत होतं, शेठला माहीत नव्हतं. शेठला कळलं तर काकांना त्याच दिवशी घरी जावं लागेल आणि या वयाच्या, असल्या पायांच्या माणसाला अख्ख्या सुरतेत दुसरं कोणी दारात उभं करणार नाही. हे हर्षदाने घरात इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते पाठ होतं.

डबा खुंटीला लावून ती ताग्यांमागे डोकावली. उखाकाका तोंड उघडं टाकून झोपले होते. मिशीत धाग्याचा कचरा, लाळेची एक तार गालावर वाळलेली, बनियन वर सरकून पोट उघडं. आणि चारी बाजूंना तो जीवघेणा खडखडाट. तिच्या मनात पहिल्यांदा आली ती किळस. लगेच मागून दुसरा विचार आला, आणि तो तिला फार हुशारीचा वाटला. आमच्या पोरी एसी लावून, पडदे ओढून रात्रभर तळमळतात, आणि हा माणूस इथे झोपतो. प्रोजेक्टला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार? तिने फोन काढला.

वाल्मिकने लांबून पाहिलं. एका हाताने तुटलेला धागा धरलेला असताना त्याने दुसऱ्या हाताचा पंजा आडवा हलवला. नको. मग बोट वर, शेठच्या काचेच्या केबिनकडे. मग विनवल्यासारखा तोच पंजा छातीवर. ती खूण तिला पुरती कळली. तिला त्याचा चेहराही कळला. तो रागावला नव्हता, तो घाबरला होता. ब्याण्णव मार्कांच्या मुलीला एवढं कळायला वेळ लागत नाही. तिने मान डोलावली, आणि सोळा सेकंदांचा व्हिडिओ पुरा करूनच फोन खाली घेतला.

संध्याकाळी तिने तो टाकला. खाली लिहिलं, 'आमच्याकडे गादी आहे, एसी आहे, झोप नाही. यांच्याकडे बघा.' मागे बासरी लावली. विशाखा म्हणून तिची उधन्याची मैत्रीण होती, तिने लगेच कळवलं की बघून रडू आलं. मग आणखी वीस जणींना रडू आलं. दुसऱ्या दिवशी चाळीस हजार लोकांनी पाहिलं, आणि मॅडमनी केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. "तुझी संवेदनशीलता वेगळीच आहे," त्या म्हणाल्या. हर्षदा दिवसभर हवेत होती. ज्या पोटाची आणि लाळेची तिला किळस आली होती, त्यांच्यावर ती आता लोकांना उत्तरं देताना 'श्रमाचं सौंदर्य' वगैरे लिहीत होती. असल्या माणसाला काय म्हणावं?

खालचे सगळेच शेरे काही रडण्याचे नव्हते. 'आ काका तो जलसा करे छे.' 'कामाच्या टायमाला घोरतो, पगार कशाचा घेतो?' 'शेठ को टॅग करो कोई.' असलं वाचेपर्यंत तिचं बोट पुढे सरकलेलं असायचं. तिने त्यातलं एकही काढून टाकलं नाही. शेऱ्यांनी आकडा वाढतो.

शुक्रवारी वाल्मिक घरी आला आणि चप्पल न काढता दारातच उभा राहिला. संचे दुरुस्त करणाऱ्या मास्तरने त्याला स्वतःच्या फोनवर व्हिडिओ दाखवला होता. मास्तर चांगला माणूस, दुसऱ्या कोणाला बोलला नव्हता.

"आतेच काढी टाक ते," वाल्मिक म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "अजून शेठपर्यंत गेलं नाही. काढलंस तर काही होणार नाही. उखाभाऊचं पोट आहे त्याच्यावर."

"काढते," हर्षदा म्हणाली, आणि फोनवर बोट फिरवल्यासारखं करून दोन मिनिटांनी म्हणाली, "काढला."

वाल्मिकचा जीव भांड्यात पडला. त्याने चप्पल काढली, हातपाय धुतले, जेवला आणि झोपला. त्याच्या स्वतःच्या फोनवर व्हिडिओ दिसत नसे, त्यामुळे बघायचा प्रश्नच नव्हता. लेकीने सांगितलं म्हणजे झालं.

तिने तो काढला नव्हता. आकडा एक लाख ऐंशी हजारांवर आला होता. दोन लाख झाले की काढू, असं तिने ठरवलं. एका रात्रीत काय होणार, शेठ काय रात्री रील बघत बसतो? ती पांघरुणात फोन घेऊन पडून राहिली, दुसरं काहीबाही बघत, मधून मधून आकडा बघत. पावणेचारला दोन लाख झाले. तिने त्या आकड्याचा फोटो काढून ठेवला. डोळे जळत होते, अंग आंबून गेलं होतं, आता उठल्यावर काढू म्हणत तिने फोन उशीखाली सारला. डोळा लागला तो थेट पावणेअकराला उघडला. मग तिने तो काढला.

शेठचा धाकटा मुलगा, हर्षदाच्याच वयाचा, सकाळी नऊ वाजता फाफडा खाता खाता फोन बघत होता. त्याला काका दिसण्याआधी ताग्यांवरचा स्वतःच्या खात्याचा शिक्का दिसला.

दहा वाजता उखाकाकांना केबिनमध्ये बोलावलं आणि सव्वादहाला ते पिशवी घेऊन फाटकाबाहेर उभे होते. व्हिडिओ काढला कोणी, यावरून खात्यात गदारोळ झाला. बाहेरचा माणूस आत आलाच कसा, म्हणून शेठ फाटकावरच्या म्हाताऱ्यालाही काढायला निघाला होता. तेव्हा वाल्मिक पुढे झाला आणि म्हणाला, मीच काढला, पोरीचा फोन आणला होता, गंमत म्हणून काढला. शेठने त्याला चार शिव्या हासडल्या आणि कामावर ठेवलं, कारण चोवीस संचे एकट्याने बघणारा माणूस कोण सोडतो? कारागिरांनी मात्र त्याच्याकडे पाठ फिरवली. ज्याचा तास चार वर्षं सांभाळला त्याचाच तमाशा केला, आणि तोही आपल्याच गावाकडचा माणूस. दुसऱ्या दिवसापासून एकच्या जेवणाला वाल्मिकही मोकळा होता, पण अंगणात त्याच्या शेजारी डबा उघडायला कोणी बसेना. धागा तुटला तर खूण करून सांगायचं, तेवढंही ते सांगेनात.

हे सगळं हर्षदाला आईने सांगितलं, साडीवर खडे चिकटवत. "पप्पा एकच म्हणाले," आई म्हणाली. "म्हणाले, व्हिडिओ काढून टाकला असं ती म्हणाली होती." मग आईने त्या एका खड्यावर बोट इतका वेळ दाबून धरलं की गोंद बाहेर आला.

हर्षदाने फोनमधलं ते ॲप काढून टाकलं. दोन दिवसांनी परत घातलं, फक्त बघायला. तिने व्हिडिओ काढून टाकला होता, पण तोवर तो दहा जणांनी उचलला होता. एकाने बासरी काढून वर घोरण्याचा आवाज आणि लग्नाचा बँड लावला होता. काकांचं उघडं तोंड मोठं करून, त्यावर माशी फिरवली होती. खाली हजारो लोक हसत होते. ती मोरीत जाऊन ओकली. चूळ भरताना आरशात तिला स्वतःचे डोळे दिसले, खाली काळी वर्तुळं, पांढऱ्यावर लाल शिरा, आणि ते तोंड तिला काकांच्या तोंडापेक्षा घाणेरडं वाटलं. माशी फिरवणाऱ्याला निदान काका कोण ते माहीत नव्हतं.

तिला खूण कळली होती. हे तिला कुठे ठेवता येईना. कळली नसती तर बरं झालं असतं, 'बोअर' लिहिणाऱ्या त्या पोरांसारखी ती मठ्ठ असती तर माफ तरी झालं असतं. घरात पप्पा तिच्याशी नेहमीसारखेच बोलायचे, मीठ दे, पंखा लाव. पप्पांनी एक थोबाडीत दिली असती तर ती पाया पडली असती. जेवण उतरेना, अभ्यास होईना, आणि आता फोन लांब ठेवूनही रात्रभर डोळ्याला डोळा लागेना. मग तिच्या डोक्यात आलं की सांगून टाकायचं. मनात दाबून ठेवलं की माणूस आजारी पडतो, बोललं की मोकळं होतं, असं एक अख्खं प्रकरण तिला परीक्षेला होतं. तोंडी परीक्षेची करतात तशी तिने वाक्यांची तयारी केली. पप्पांना विचारावं असं तिच्या मनात आलंच नाही.

उखाकाका सुरत सोडून निघाले होते. जायच्या आदल्या रविवारी त्यांनी खात्यातल्या आठ-दहा जणांना घरी जेवायला बोलावलं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. वाल्मिकलाही निरोप होता. तो जाऊ का नको करत गेला, आणि हर्षदाला घरीच थांब म्हणाला.

ती अर्ध्या तासाने मागून गेली. खोलीत पंगत बसली होती. भिंतीशी उखाकाका, पाय पुढे सोडून, आणि त्यांच्या अगदी लगत वाल्मिक. काकांनी आपल्या ताटातली बट्टी स्वतःच्या हाताने चुरून वाल्मिकच्या ताटात टाकली होती आणि वर तूप ओतत होते. त्यांच्या लोकांत एवढं केलं की पुढे बोलायचं काही राहत नाही. ज्याचं बिघडलं त्यानेच ताटातलं दिलं म्हणजे बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. इतके दिवस वाल्मिकशी न बोललेला काकांचा दगा नावाचा पुतण्या त्याला म्हणत होता, "वाल्मिककाका, भाजी घ्या ना." वाल्मिक मान खाली घालून जेवत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

हे सगळं तिला दिसलं. पण तिची वाक्यं तयार होती.

"उखाकाका," ती दारातूनच म्हणाली, "व्हिडिओ पप्पांनी नाही काढला. मी काढला. पप्पा हाताने नको म्हणत होते, मला कळलं होतं, तरी काढला. मग ते डिलीट कर म्हणाले, तर मी केला असं खोटं सांगितलं आणि रात्रभर ठेवला. पप्पांची काही चूक नाही." तिला रडू फुटलं. रडताना छातीवरचा दगड सरकल्यासारखं तिला मोकळं वाटलं.

दगाने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे काका, तुम्ही आमच्याशी खोटं बोललात," दगा वाल्मिककडे बघत हळूच म्हणाला. पलीकडून एक जण म्हणाला, "पोरगी खात्यात शिरून झोपल्या माणसाचे व्हिडिओ काढते, आणि बाप झाकतो. वा रे."

"माले माहीत व्हतं," उखाकाका म्हणाले. त्यांनी तुपाची वाटी खाली ठेवली. "एक ते दोन चोवीस संचे चालू असताना वाल्मिकचे दोन हात कुठे असतात, हे मला सांगायला पाहिजे का? त्याला नाक पुसायला हात मोकळा नसतो, तो व्हिडिओ काय काढतो? पहिल्याच दिवशी मला कळलं की पोरीचं काम आहे. बाप पोरीसाठी बोलला, मी ऐकून घेतलं. ह्या लोकांना बोलावलं ते त्याला जवळ घ्यायला. तो परत ह्यांच्यातच काम करणार आहे, मी तर चाललो." मग ते तिच्याकडे वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आमनं मिटी जायेल व्हतं, बेटा. मग तू आता कोणासाठी आलीस?"

याचं उत्तर तिला माहीत होतं.

वाल्मिकने अर्ध्या भरल्या ताटात हात धुतला. तूप पाण्यावर तरंगलं. तो उठला, कोणाकडे न बघता तिच्या बाजूने दाराबाहेर पडला, आणि रस्ताभर तिच्या दहा पावलं पुढे चालत राहिला.

त्या रात्री हर्षदा साडेदहाला आडवी झाली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी झोप तिला लागली, एकदाही कूस न बदलता, स्वप्न न पडता, आणि ती सहाला आपोआप जागी झाली. अंग हलकं होतं, डोकं स्वच्छ होतं, पोटात भूक होती. आई दारात उभी होती, हातात पप्पांचा डबा.

"रातभर खाली ओट्यावर बसून होते," आई म्हणाली. "आत्ता उठून गेले. डबा नको म्हणाले. तिकडे अंगणात एकटं बसून खायचं होत नाही म्हणाले."

हर्षदाने पांघरूण बाजूला केलं. आपल्याला काय वाटतंय ते तिला नीट कळत होतं. भूक लागली होती.